पत्ता मिळणेबाबत

नागरिकांचे अर्ज निकाली काढणाऱ्या त्या कार्यालयात सोमवारी सकाळी वायफायने नव्या यंत्रांना आत घेणे बंद केले. नेटवर्क बिनतारी असले तरी ते सांभाळणाऱ्याला सगळे वायरमनच म्हणत. पाच मिनिटांत त्याला दोष सापडला.

"साहेब, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. आपल्याकडे अडीचशे होते, संपले."

"माणसं तर नव्वदच आहेत!"

"माणसागणिक लॅपटॉप, मोबाइल, मनगटावर घड्याळ. शिवाय तुमच्या केबिनमधली माशांची टाकी."

"टाकीला हात लावायचा नाही."

"नाही लावत. एक आकडा बदलला की हजार पत्ते होतील. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांत होणारे काम साहेबांना संशयास्पद वाटे. त्यांनी समिती नेमली. समितीने पत्ते ज्येष्ठतेनुसार वाटले, निवृत्तांचे सन्मानार्थ राखून ठेवले आणि उरलेल्यांना ऑनलाइन अर्ज करायला सांगितले. सोबत चालू पत्त्याचा पुरावा जोडणे बंधनकारक. सर्वांत कनिष्ठ वायरमन. पहिला पत्ता त्याचाच गेला.

हजेरी वायफायवर लागत असे. चौथ्या दिवशी आस्थापना विभागातल्या बाईंनी त्याच्या हातात नोटीस ठेवली : विनापरवाना गैरहजर.

"बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"दिसतोयस रे, पण लागत नाहीयेस. मी तरी काय करू? इथे सही कर."

"आज ऑफिसला गेला होतास ना?" संध्याकाळी बायकोने विचारले.

"गेलो होतो," तो म्हणाला, "पण नव्हतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मनाचा हिय्या केला आणि तो एक आकडा बदलून टाकला. सगळ्यांची यंत्रे भराभर जोडली गेली. साहेब हादरले.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब."

साहेबांनी सकाळी छापलेला हजेरीपट पाहिला. "तू आज गैरहजर आहेस. म्हणजे बाहेरचा कोणीतरी घुसला!"

खबरदारी म्हणून त्यांनी वायफायच्या मुख्य यंत्राची वायरच उपटली. वायरमन हजर झाल्यावर चौकशी सुरू करायचे ठरले. त्या क्षणापासून नव्वदच्या नव्वद कर्मचारी, साहेबांसकट, गैरहजर झाले.

असे एकवीस दिवस गेले. लोक बोंबाबोंब करतील या धास्तीने समितीने तक्रारवही मागवली. कार्यालय थंडावल्याची एकही तक्रार त्यात नव्हती. कोणाला फरकच जाणवला नव्हता.

तुमचाही अर्ज तिथेच पडून आहे. तुम्हाला तरी कुठे जाणवला?