पाच बाय सात

मेहुण्याचा फोन आला तेव्हा मास्तर कपड्यांच्या दुकानात एका स्वेटरमध्ये अडकले होते. डोकं बाहेर आलं होतं, उजवा हात अजून आत वाट शोधत होता. बायकोने फोन त्यांच्या कानाला लावून धरला.

"भाऊजी, तुमचा तो परदेशातला फॉर्म भरतोय. मीडियम काय टाकू?"

"मीडियम कुठलं आता? ते दिवस गेले. एक्स्ट्रा लार्ज टाक."

"टाकलं. आणि चित्राची साइज?"

"पाच बाय सात. माझी सगळी तेवढीच असतात."

मेहुणा सोसायटीतल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म भरून देत असे. रकान्यात काय विचारलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसे. रकाना रिकामा राहता कामा नये, एवढं एकच तत्त्व तो पाळत असे. चित्रकार जलरंगात रंगवतो की तैलरंगात, हे विचारणाऱ्या रकान्यात त्याने 'एक्स्ट्रा लार्ज' लिहून टाकलं. पाच बाय सातच्या पुढे एकक निवडायचं होतं. यादीत पहिलं 'मीटर' होतं. सेंटिमीटरही होतं, पण ते खाली होतं आणि तिथपर्यंत जायला मेहुण्याला वेळ नव्हता.

मास्तरांनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. घरी मात्र ते पत्त्याच्या पानाहून लहान कागदावर, तीन केसांच्या ब्रशने, भिंगातून बघत चित्रं काढत. नातेवाईक त्याला 'बारीक काम' म्हणत आणि डोळ्यांचे डॉक्टर 'हट्ट' म्हणत. 'चित्रकार' मात्र त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे 'प्रिय चित्रकार' अशी सुरुवात असलेलं निमंत्रण आलं, तेव्हा ते दोन दिवस मायन्याच्या पुढे गेलेच नाहीत. सहा आठवडे परदेशातल्या आर्ट रेसिडेन्सीत राहायचं, काम करायचं, सोबत इतर आठ देशांचे कलावंत. बायकोने ही बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली. वाटेत तिसऱ्या मजल्यावर 'रेसिडेन्सी' या शब्दाचा घोटाळा झाला आणि मास्तरांनी परदेशात फ्लॅट घेतला असं ठरलं. बायकोने ते फारसं मनावर घेऊन खोडलं नाही.

तिथे पोचल्यावर व्यवस्थापिकाबाईंनी मास्तरांना एका दालनात नेलं. पूर्वी तिथे बोटी बांधत. अजूनही दोनतीन सहज मावल्या असत्या.

"तुमच्यासाठी खास रिकामं केलं," बाई म्हणाल्या. दोघांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचं इथे सोयीसाठी मराठी केलं आहे. "एक शिल्पकार होते इथे. त्यांना हलवलं."

"कुठे?"

"कपडे धुण्याच्या खोलीत. जरा रागावलेत. तुम्ही लक्ष देऊ नका."

भिंतीला टेकून रंगाचे बारा डबे उभे होते, प्रत्येक कमरेइतका. ब्रश केरसुणीएवढे होते. शेजारी वर-खाली जाणारा एक यांत्रिक पाळणा होता. भिंतीच्या वरच्या टोकाला हात पोचावा म्हणून.

मास्तरांच्या लक्षात काय घोळ झालाय ते आलं. बाईंना तिथल्या तिथे सांगून टाकावं असंही वाटलं. पण सांगितलं तर पुढच्या विमानाने घरी, आणि घरी तिसरा मजला. शिवाय पुन्हा कुणी 'प्रिय चित्रकार' म्हणेल याची खात्री नव्हती. ते म्हणाले, "छान आहे. फक्त एक टेबल, एक दिवा आणि एक स्टूल मिळेल?"

"एवढंच?" बाई भारावून गेल्या. मोठा माणूस किती साधा असतो, असं त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"खोली कशी आहे हो?"

"मोठी आहे."

"म्हणजे आपल्या हॉलएवढी?"

"इथे आवाज घुमतो. तुझं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येतंय."

"घरी एकदासुद्धा येत नाही," बायको म्हणाली.

मास्तरांनी दाराला आतून कडी लावली आणि एका कोपऱ्यात टेबल मांडून ते बसले. पाय आखडले की दालनात फेऱ्या मारत. बाहेरच्यांना दिवसभर पावलं ऐकू येत आणि भलंमोठं काहीतरी घडतंय अशी त्यांची खात्री होई. एकाही डब्याचं झाकण मात्र उघडलं नव्हतं. मास्तरांच्या हिशेबाने त्यातला एक डबा त्यांना तीनशे वर्षं पुरला असता.

कोपऱ्यातल्या खिडकीतून समोर कपडे धुण्याची खोली दिसे. तिथे तो शिल्पकार दोन यंत्रांच्या मधे एका प्रचंड दगडाला मिठी मारल्यासारखा उभा असे, कारण दुसरीकडे उभं राहायला जागाच नव्हती. साबणाच्या पावडरीने त्याचे डोळे सतत वाहत. मास्तरांना वाईट वाटे. वाईट वाटतावाटता त्यांनी त्याचंच चित्र काढलं. पाच बाय सात.

बाराव्या दिवशी बाईंनी दारावर थाप मारली. "परवा समितीचे अध्यक्ष येतायत. तुमचं काम बघायला."

मास्तरांनी कडी काढली. बाईंना हाताला धरून टेबलापाशी नेलं आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. मग स्वेटरपासून सगळं सांगितलं.

"मला घरी पाठवा," ते म्हणाले. "चूक माझीच आहे."

बाई स्टुलावर बसल्या. "तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही ना?"

"नाही."

"सांगूही नका. तुमची शिफारस मी केली आहे. 'यांची चित्रं मी प्रत्यक्ष पाहिली आहेत, मान वर करून पाहावी लागली,' असं लिहून दिलंय मी."

"तुम्ही कुठे पाहिलीत?"

"फॉर्मवर," बाई म्हणाल्या. "अध्यक्ष फॉर्म उघडतही नाहीत, पण शिफारशीतली एकेक ओळ ताडून बघतात हो. माझी नोकरी जाईल."

आता दोघंही एकाच बोटीत बसले होते. दोघांनी भिंतीकडे पाहिलं. चित्र मोठं करणं दोन दिवसांत शक्य नव्हतं. पण मान वर करून पाहावं लागेल अशी सोय करणं अगदीच शक्य होतं.

अध्यक्ष आले, तेव्हा भिंतीच्या पार वरच्या टोकाला, छताला लागून, ते चित्र लावलेलं होतं. अध्यक्षांनी मान वर केली. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"काय आहे ते? पाल?"

"चित्र आहे साहेब. जवळून बघायचं असतं," मास्तरांनी भिंग पुढे केलं आणि पाळण्याकडे बोट दाखवलं.

अध्यक्ष पाळण्यात बसले. पाळणा घरघरत वर गेला आणि वर जाऊन जो थांबला तो थांबलाच. बाईंनी सगळी बटणं दाबली, मास्तरांनी तीच बटणं उलट्या क्रमाने दाबली. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो जेवत होता.

पाऊण तास अध्यक्ष छतापाशी होते. खाली पाहिलं की त्यांना गरगरे, वर पाहायला छत. समोर ते चित्र होतं आणि हातात भिंग होतं. पहिली दहा मिनिटं ते ओरडले. नंतर त्यांचा आवाज येईनासा झाला, तेव्हा मास्तरांना जास्त भीती वाटली.

दुरुस्तीवाला जेवून आला. पाळणा खाली उतरला. अध्यक्षांनी टाय सारखा केला.

"चित्रातला हा माणूस रडतोय," ते म्हणाले. "कोण आहे हा?"

"शिल्पकार आहेत आपले," बाई पुटपुटल्या. "ते साबणाच्या पावडरीने…"

"आपल्याच संस्थेत? कपडे धुण्याच्या खोलीत?" अध्यक्षांनी दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. डबे, केरसुण्या, कोपऱ्यातलं टेबल. "त्यांना आजच्या आज इथे आणा."

"आणि मास्तर?"

अध्यक्षांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे विमान उभं राहिलं, आणि विमानाच्या दारात तिसरा मजला.

"यांना त्या खोलीत टाका," अध्यक्ष करड्या आवाजात म्हणाले. "राहिलेले चार आठवडे हे तिथेच काम करतील. तिथे कसं वाटतं ते यांनाही कळू दे."

मास्तरांनी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून ती बराच वेळ खालीच ठेवावी लागली.

नव्या खोलीत हात लांब केले की दोन्ही भिंती लागत. टेबल, दिवा, रंग, भिंग, सगळं बसल्या जागी मिळे. प्रकाश तर असा की पापणीचे केस वेगवेगळे रंगवता यावेत. फक्त यंत्र फिरायला लागलं की ब्रश खाली ठेवावा लागे. त्यासाठी मास्तरांनी दारावर कपडे धुण्याचं वेळापत्रक लावलं. शाळेतली सवय.

"अहो, खोली बदलली म्हणे तुमची," बायकोचा आवाज या वेळी एकदाच आला. "काही चुकलं का? खालच्या वहिनी विचारतायत, मी काय सांगू?"

"सांग, अध्यक्षांनी जातीने लक्ष घालून बदलून दिली."

"बरं. आणि तिथल्या लोकांत मान वगैरे आहे ना?"

मास्तरांनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. वेळ व्हायला अजून पाच मिनिटं होती, पण विणकाम करणारी बाई, दोघे छायाचित्रकार, स्वतः शिल्पकार आणि मागचे सगळे जण हातात मळक्या कपड्यांच्या बादल्या घेऊन गुपचूप उभे होते.

"आठ देशांचे कलावंत," मास्तर म्हणाले, "सकाळपासून माझ्या दारात रांग लावून उभे आहेत."