यशवंतरावांची संशोधनाची जागा

कुणाकडे जेवायला बसले की यशवंतराव ताटातलं वांगं आधी उलटं करून बघत. मग घरच्या बाईंना विचारत, "कोन्या मळ्यातलं आनलं?" ते येणार असले की अमरावतीतल्या आम्हा शिक्षकांच्या घरी भरली वांगी होत नसत.

शाळेत ते शास्त्र शिकवत. आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. खिडकीत त्यांच्या बरण्या आणि बरण्यांत वांग्यातल्या अळ्या. अकोल्याला मोर्णेच्या काठी त्यांच्या माळी घराण्याचा भाजीचा मळा होता. वांग्यात अळी शिरते कशी, यावर त्यांना विद्यापीठात संशोधन करायचं होतं. दर रविवारी एक अर्ज टपालात पडे. वर्तमानपत्र ते जाहिरातींपासून वाचत आणि भेटेल त्याला विचारत, "कुठी जागा निघाली काय?" हेडमास्तरांच्या सासऱ्यांना स्मशानात पोचवून परतताना त्यांनी नागपूरच्या एका पाहुण्यालाही हेच विचारलं होतं.

नकार आला की स्वारी खूश. "पाहा मास्तर, या साहेबानं खेद दोनदा लिहिला. जागा जवळ येऊन राहिली!"

"पण एवढा अट्टाहास कशाला?" मी एकदा विचारलं.

"मले डॉक्टर व्हाचं हाय," एवढं बोलून ते बरणी पुसत बसले.

अर्जांच्या सातव्या वर्षी नागपूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं. मी सोबत गेलो आणि दाराबाहेर बाकावर बसलो. आतून प्रश्न ऐकू आला, "आजवर मार्गदर्शन कुणाचं?"

"माझ्या आईचं. ती भाजी पिकवते."

हशा पिकला. मग टेबलावर बरणी ठेवल्याचा आवाज झाला. हळूहळू हसणं थांबलं आणि खुर्च्या पुढे सरकल्या. अर्ध्या तासानं यशवंतराव बाहेर आले. "जागा भेटली!"

नोकरी सोडून ते नागपूरला गेले. चार वर्षांनी डॉक्टर झाले, तेव्हा सत्कार टाळून मला घेऊन थेट अकोल्याला आले. माय वाफ्यात निंदत होती. यशवंतराव बांधावर बसले, इंग्रजी प्रबंध उघडला आणि एकेक वाक्य वऱ्हाडीत करून तिला सांगू लागले.

"किडा पयले शेंड्यात शिरते, माय. शेंडा सुकला का तोडून जाळा लागते, नाई तं थोच वांग्यात जाते."

माय निंदायची थांबली. "हेच तं म्या त्या शेतीच्या साहेबाले सांगतलं होतं. समद्यायसमोर कसा हसला होता तो मले! तू तवा लहान होता. तुह्या ध्यानात हाय काय रे?"

"हाय," यशवंतराव म्हणाले.

त्यानंतर बराच वेळ त्यांना पुढचं पान सापडेना.