वहिनींनी ग्रुप सोडला

कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या, तेव्हा वहिनींनी मशीनवर कपाळच टेकलं.

कोट होता शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा. परवा तो घालून त्यांना भाषण करायचं होतं. इतक्या वर्षांत वहिनींच्या हातून साधं काजसुद्धा कधी वाकडं झालं नव्हतं. पण बाही बेतताना शेजारी ठेवलेला फोन सारखा किणकिणत होता. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "नळाला पाणी आलं का?" त्यावर अख्ख्या गल्लीने "आलं" म्हणून कळवलं होतं, एकाने "आमच्याकडे नाही" म्हटलं होतं आणि निवृत्त पोस्टमास्तरांनी त्या उत्तरांच्या मध्येच सूर्योदयाचं चित्र टाकलं होतं.

"बस्स झालं. मी सोडते हा ग्रुप," वहिनी म्हणाल्या.

"आत्ता?" नवरा दचकला. "परवा बसवाल्यांचा साहेब थांब्याची जागा बघायला येतोय. बसथांबा हलवला तर आईला हमरस्त्यापर्यंत तंगडतोड करावी लागेल. आणि गल्लीला जमवणार कोण?"

हेच तर दुखणं होतं. ग्रुप वहिनींनीच काढलेला, अ‍ॅडमिनही त्या एकट्याच. ग्रुपमुळे गल्लीत दिवे आले होते, कोपऱ्यावरच्या आजोबांना ऑपरेशनच्या वेळी रक्त मिळालं होतं. सोडायचं म्हटलं की जीव तुटायचा आणि नाही सोडलं तर हातातलं काम बिघडायचं.

"गल्ली जमते कुठे?" वहिनी म्हणाल्या. "गल्ली साफ करायच्या दिवशी सगळ्यांनी अंगठे पाठवले होते. आलं कोण? तुम्ही, मी आणि एक कुत्रं. अंगठे सगळे पाठवतात हो, पाय कुणी पाठवत नाही."

त्यांनी निरोपाचे चार शब्द लिहिले, डोळे मिटले आणि बाहेर पडल्या. आता फोनवर फोन येतील, विनवण्या होतील, अशी त्यांची मनातून थोडी अपेक्षा होती. कुणी हूं की चूं केलं नाही. फक्त आतल्या खोलीत सासूबाईंचा फोन वाजला.

"अगं, हा म्हणतो, मी आता अ‍ॅडमिन आहे. म्हणजे काय करायचं असतं?"

अ‍ॅडमिन निघून गेल्यावर फोनने आपल्या मनाने नवा नेमला होता, आणि नेमका घरातलाच.

"काही करू नका, आई. नुसतं परवाचं कळवा," वहिनी म्हणाल्या आणि उजवी बाही बेतायला बसल्या. कापड उरलं होतं म्हणून अब्रू तरी वाचली.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर दारात हजर. "वहिनी, ग्रुपवर काही लिहिताच येत नाही! माझं आजचं चित्र तसंच राहिलंय." त्यांच्यामागे किराणावाला आला, मग इस्त्रीवाल्याची बायको. सगळ्यांचं एकच रडगाणं.

नवऱ्याने आईच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "आई, तू हे काय केलंस? आता तुझ्याशिवाय कुणालाच बोलता येत नाही."

"मी कुठे काय केलं? अक्षरं मोठी करत होते."

"द्या इकडे, मी नीट करते," वहिनींनी हात पुढे केला.

सासूबाईंनी फोन पदराआड घेतला. "तू सोडलंस ना? मग आता लक्ष घालायचं नाही. कधी नव्हे ते लोक माझं गपगुमान ऐकतायत."

वहिनींना घास गोड लागेना. होता तो ग्रुपही मुका झाला. आता उद्या थांबा जाणार, सासूबाई उन्हातान्हात पाय ओढत जाणार आणि खापर फुटणार आपल्या डोक्यावर.

परवाची सकाळ उजाडली. वहिनी गळ्यातला टेपसुद्धा न काढता थांब्याकडे धावल्या आणि वळणावरच थबकल्या. थांब्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती. मुख्याध्यापिकाबाईही होत्या, नव्या कोटात, दोन्ही हात आपापल्या बाहीत.

"तुम्ही सगळे आलात कसे?" वहिनींनी पोस्टमास्तरांना विचारलं.

"काय करणार? तुमच्या सासूबाईंनी लिहिलं, 'थांब्यावर या.' अंगठा पाठवायची सोय नाही. मग येतो हे सांगायचं कसं? म्हटलं, जाऊनच सांगावं."

साहेबाने ती गर्दी पाहिली, घाम पुसला आणि थांबा इथेच राहील असं सर्वांदेखत सांगून टाकलं. सगळ्यांनी सासूबाईंना उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. वहिनींकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. त्यांना आधी राग आला, मग जरा वाईट वाटलं, आणि मग एकदम इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन त्या भरदुपारी ताणून झोपल्या.

उठून मशीनवर बसतात तोच सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. चेहरा उतरलेला.

"अगं, लिहिता येत नाही म्हणून कालपासून सगळे मला फोनच करतात. पाणी आलं का, इस्त्रीवाला आला का... पोस्टमास्तर तर सूर्य उगवल्याचं तोंडी सांगतात! डोळ्याला डोळा नाही." मग हळूच फोन पुढे केला. "तू बाहेर पडलीस ते बटण कुठलं? मलाही दाखव की."

सासूबाई बाहेर पडल्या तर फोन पुढचा अ‍ॅडमिन म्हणून कुणाला नेमेल ते सांगता येत नव्हतं, आणि जो कुणी होईल तो आधी वहिनींनाच परत बोलावणार. परत ग्रुपमध्ये ओढलं जाण्याचा धोका पत्करण्याची वहिनींची तयारी नव्हती. त्यांनी सुईत दोरा ओवला.

"ते बटण आता नाही, आई," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी बाहेर पडले आणि फोनवाल्यांनी ते काढूनच टाकलं."