काल काय उरलं?

गेल्या गुरुवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, आमच्या जपानी विभागाच्या बैठकीत देवस्थळीबाईंवर अन्याय झाला. त्यांनी लिहिलेलं 'शिळं' हे प्रकरण आमच्या जपानमधल्या बेटाच्या अहवालातून काढून टाकलं आणि त्या जागी माशाचा रंगीत फोटो घातला. बाईंनी फोटो हातात घेऊन पाहिला, "मासा छान आलाय," म्हणाल्या आणि चष्मा डबीत घालून घरी गेल्या. त्या काही बोलणार नाहीत, म्हणून मला लिहावं लागतंय.

ज्यांना बाई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बाई नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात, जपानी शिकवतात आणि कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नाहीत. "काल काय उरलं?" असं विचारतात. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला, बँकेच्या काउंटरवरच्या मुलीला, एकदा तर भर मांडवात नवरीच्या आईला. सोसायटीचे चेअरमन वैतागून म्हणाले होते, "अहो, आमच्याकडे काही उरत नाही."

"मग वहिनी मोजून करत असतील," बाई म्हणाल्या. "जपा."

पाहुण्याचं ताट खोटं बोलतं, हा बाईंचा सिद्धांत. घर कसं जगतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढल्यावर कळतं. हाच सिद्धांत घेऊन त्या आम्हा विद्यार्थ्यांना जपानमधल्या एका लहानशा बेटावर घेऊन गेल्या. तिथली माणसं रोज कशी राहतात, काय खातात, याचा अभ्यास करायचा होता. बेटावर संत्र्यांच्या बागा, बोटीचा धक्का, एक दुकान आणि बहुतेक म्हातारी माणसं.

पहिल्याच घरी आमच्यासाठी परातीएवढा मासा मांडला होता. बाईंनी कमरेत वाकून, अत्यंत आदरार्थी जपानीत विचारलं, "काल काय उरलं?" घरच्या मालकीणबाईंना वाटलं, मासा पसंत पडला नाही. त्या माफी मागायला लागल्या. मग आमच्या बाईंनी माफी मागितली. मग त्यांनी परत. आमच्या गटातला इम्रान, ज्याच्या घरची कॅम्पात बेकरी आहे, तो माझ्या कानाशी पुटपुटला, "मासा गार होतोय यार."

बेट लहान. बातमी आमच्या पुढे चालायची. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात आमच्यासमोर शिळं आलं, तेही ठेवणीतल्या वाडग्यांतून. बाईंनी एका घरी एक घास घेतला आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे मुद्दाम शिळं केलेलं आहे." खरंच होतं. पाहुण्यांना आवडतं म्हणून अख्ख्या वस्तीने आदल्या संध्याकाळी जास्तीचं रांधून ठेवलं होतं.

"बाई, आता ताजं मागून बघू," इम्रान म्हणाला. "तरच खरं शिळं मिळेल."

खरं शिळं चढावरच्या शेवटच्या घरात मिळालं. तिथल्या आजींना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बातमी पोचली नव्हती. आजी एकट्याच न्याहारीला बसल्या होत्या. कालचा भात, त्यावर कढत चहा ओतलेला, बाजूला मुळ्याचं लोणचं. आम्हालाही तेच वाढलं. भाताचं भांडं मात्र तिघाचौघांचं. एकटीला एवढा भात कशाला, असं बाईंनी मोठ्या आवाजात विचारलं.

"संध्याकाळच्या बोटीने कुणी आलं तर?" आजी म्हणाल्या.

मुलगा शहरात असतो. बोट रोज येते. तो येत नाही. आजी रोज भात जास्त लावतात आणि सकाळी त्यावर चहा ओतून खातात. बाईंनी दोन वाडगे खाल्ले. 'शिळं' हे प्रकरण त्याच घरावर लिहिलेलं आहे.

विभागप्रमुख म्हणतात, "त्या लोकांनी एवढा पाहुणचार केला आणि आपण काय छापायचं? ते शिळं खातात? बरं दिसत नाही." सर, तुमच्या स्वतःच्या डब्यात बैठकीच्या दिवशी फोडणीची पोळी होती. तुम्हीच सगळ्यांना चाखायला लावलीत. ती बरी दिसली, आणि आजींचा भात दिसत नाही?

त्या संध्याकाळी मी तावातावाने बाईंच्या घरी गेले. आपण पत्रक काढू, सह्या गोळा करू, असं मी बोलत होते आणि त्या चहाचं आधण ठेवत होत्या. ओटा लख्ख. झाकलेलं एकही भांडं नाही. मी सहजच म्हणाले, "बाई, तुमच्याकडे काल काय उरलं?"

त्यांनी कोरडाच ओटा पुसला. "काही नाही गं. एकटीचं मोजूनच होतं. उरायला कुणीतरी यायचं असावं लागतं." मग लगेच, "साखर किती घालू तुला?"

प्रकरण अहवालात परत घाला, ही मागणी विभागाकडे केलेली आहे. वाचकहो, तुमच्याकडे दुसरी मागणी आहे. तुमच्या जिन्यात मोजून स्वयंपाक होणारं एक तरी दार असेल. उद्या सकाळीच त्याची बेल वाजवा आणि सांगा, रात्री जेवायला येतोय. भूक असो नसो, जा. पोटभर जेवा. फक्त पातेल्यातला भात सगळा संपवू नका.