उजवा कोपरा

आळंदच्या सोसायटीत कारकून असलेल्या श्रीशैलनं एका रविवारी ठरवलं, की सुताराला बोलवायचं नाही. ठरवलं एवढंच. पण श्रीशैलनं काही ठरवलं, की त्याची बायको भाग्यलक्ष्मी काचेची भांडी उचलून वरच्या फळीवर ठेवायची.

निमित्त साधं होतं. मधल्या खोलीचं दार उन्हाळ्यात आक्रसलं होतं आणि दार नि चौकट यांच्यात बोटभर फट पडली होती. त्या फटीतून पाली ये-जा करायच्या. वर आणि दोन्ही बाजूंना पट्टी ठोकली, की भागण्यासारखं होतं. पण शेजारचा मल्लेश पुण्याला फर्निचरच्या कामाला लागला होता, आणि सुट्टीत आल्यावर त्यानं सांगितलं होतं, "अण्णा, तिकडं बंगल्यात पट्ट्या सरळ तोडत न्हाईत. पंचेचाळीसमधी कापत्यात. कोपऱ्यावर अशा बसत्यात, की एकच लाकूड वाटतंय." जाताना तो आपली बारीक दात्यांची करवतही ठेवून गेला.

तेव्हापासून श्रीशैलच्या डोक्यात पंचेचाळीस घुसलं होतं.

"तुम्हाला जमल व्हय?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"कोन मला शाळेपासून येत्यात," श्रीशैल म्हणाला. (भूमितीत त्याला पस्तीस मिळाले होते. म्हणजे दहाच कमी.)

"बरं. मी शेजारी चन्नम्माक्काकडं पापड लाटायला जायलेय. आणि अप्पा..." पुढं ती काहीतरी बोलली, पण तोवर करवत सुरू झाली होती. अप्पा म्हणजे तिचे वडील, लिंगाप्पा. मेंढरं राखत म्हातारा झालेला, चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. करजगीहून दोन दिवसांसाठी लेकीकडं आला होता. अप्पा बाजारात गेले असणार, असं श्रीशैल धरून चालला.

पहिल्या दोन पट्ट्या त्यानं एकाच बाजूला तिरक्या कापल्या. कोपऱ्यावर जुळवून बघितल्या, तर एकीचं तोंड पुढं आणि दुसरीची पाठ. (भांडणानंतर नवरा-बायको झोपतात तशा.) मग नव्या पट्ट्या घेतल्या. डावा कोपरा कावळ्याच्या चोचीसारखा उघडा राहिला. त्यात त्यानं लाकडाचा भुसा आणि सरस भरला आणि तिकडं बघायचं सोडून दिलं.

पण उजवा कोपरा बसला. कसा बसला ते त्यालाही कळलं नाही. सांध्यावरून त्यानं नख फिरवलं. नख अडकलं नाही. श्रीशैलचे डोळे भरून आले. या आनंदात त्यानं डबीतले होते नव्हते तेवढे खिळे ठोकले आणि बायकोला हाक मारली.

भाग्यलक्ष्मी आणि चन्नम्मा पिठाच्या हातांनीच आल्या. चन्नम्मानं मान वाकडी करून बघितलं. "मशीनवर केल्यावाणी झालंय की," ती म्हणाली.

भाग्यलक्ष्मीनं पिठाचं बोट सांध्यावरून फिरवलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, नवऱ्याच्या हातून काही सरळ झालेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

तेवढ्यात आतून आवाज आला. "जावईबापू, काम झालं व्हय?"

तिघांनीही दाराकडं बघितलं.

"मामा बाजारात गेले न्हाईत?" श्रीशैलनं विचारलं.

"आत झोपलेत म्हणून सांगून गेले की मी."

तिनं कडी धरून दार ओढलं. बाहेर उघडणारं, खोलीचं एकुलतं एक दार तसूभर हललं नाही. पट्टी अर्धी चौकटीवर होती, अर्धी दारावर, आणि खिळे दोन्हींत होते. फट अशी बुजली होती, की पालच काय, सासराही बाहेर येऊ शकत नव्हता.

"माझ्या बापाला तुम्ही खिळे ठोकून कोंडलंय," भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर श्रीशैलला बरं वाटलं असतं.

"अप्पा, तुम्ही हाक कामून मारली न्हाई?" तिनं विचारलं.

"जावई मन लावून करायलेत म्हटलं. कामून मधी बोलावं?" अप्पा आतून म्हणाले. "घाई न्हाई. फकस्त जरा बाहेर जायचं हुतं."

"कवापासून?"

"पहिल्या खिळ्यापासून."

श्रीशैलनं पहार आणली, उजव्या कोपऱ्याखाली सारली, आणि त्याचा हात थांबला. तो सांधा त्यानं पुन्हा एकदा बघितला.

"मामा," तो म्हणाला, "अजून थोडं थांबता येईल का?"

चन्नम्मानं तोंडाला पदर लावला. भाग्यलक्ष्मीनं त्याच्या हातातून पहार काढून घेतली, डाव्या बाजूला खुपसली आणि सगळा जोर लावला. लाकूड कडाडलं. चौकटीतले खिळे निघाले, मागोमाग बिजागऱ्या निघाल्या, आणि पट्ट्यांसकट अख्खं दार श्रीशैलच्या अंगावर आलं. उजवा कोपरा तेवढा सुटला नाही.

अप्पा दाराला वळसा घालून, कुणाकडंही न बघता, तडक परसात गेले. परत आले, हात धुतले, आणि दाराखालून बाहेर पडायला धडपडणाऱ्या जावयाजवळ उकिडवे बसून तो कोपरा बराच वेळ निरखत राहिले.

"चांगला बसलाय," ते म्हणाले.

दार पुन्हा बसवायला सुतारच आला. पट्टीचं नाव कुणी काढलं नाही.

दिवाळीनंतर अप्पा परत आले. श्रीशैल त्या दिवशी नेमका अर्धी रजा टाकून लवकर घरी आला होता आणि पायरीवर चपला काढत होता. जेवण उरकून, घोंगडी खांद्यावर टाकून अप्पा मधल्या खोलीच्या उंबऱ्यात उभे असल्याचं त्याला दिसलं.

"जावईबापू कुठं हायेत?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हापिसात."

"कवा येत्यात?"

"सहाला."

"मग मला पाचलाच उठव," अप्पा म्हणाले, आणि निवांत मनानं त्यांनी दार लावून घेतलं.

श्रीशैलनं चपला परत पायात घातल्या.