राऊटरची रोजनिशी

रोजा सोडताना प्यायच्या हरीऱ्यात लिंबू सगळ्यात शेवटी पिळतात.

झागोरात समुद्र नाही.

१५:४१. सात नंबर बंद.

मासे रांगेने येतात, आपापलं नाव सांगतात आणि भिंतीतून निघून जातात.

यातलं माशांचं ते स्वप्न. रमजानात ते बुशाइबला रोज दुपारी पडायचं. साफी बंदरातल्या सार्डिन माशांच्या कारखान्यात संगणकांचं जाळं सांभाळणं हे त्याचं काम, आणि राऊटरची खोली हीच तिथली एकमेव गार खोली. मागे कलणारी खुर्चीही तिथेच.

तक्रार लल्ला तुरियाची होती. तिथे बाईला लल्ला म्हणतात, साहेबाला सी. मालाचे कागद बंदरावर पाठवायचे ते तिनेच.

"रोज पावणेतीनला माझं इंटरनेट जातं," ती म्हणाली. "ड्रायव्हर दारात उभा आणि मी पडद्यात माझंच तोंड बघतेय."

मॅनेजर सी लमदाघरींनी हुकूम सोडला. "जो कोणी हे करतोय त्याची झागोराच्या गोदामावर बदली. कोणी सापडला नाही, तर बुशाइब, सामान बांध."

बुशाइबचं घर बंदरावर होतं. झागोराभोवती नुसतं वाळवंट.

त्याने राऊटरला रोजनिशी लिहायला लावली. राऊटरला आठवण फार कमी; पण सांगितलं, तर जे घडेल ते वेळेसकट लिहून दुसऱ्या संगणकाकडे पाठवतो. किती बारीक लिहायचं तेही ठरवावं लागतं. बुशाइबने घाबरून 'सगळं' ठरवलं.

चार दिवसांत साठ पानं झाली. सात नंबर, म्हणजे तुरियाची वायर, रोज १५:४१च्या सुमाराला बंद, वीसेक मिनिटांनी सुरू.

"पण ऑफिस तर तीनला सुटतं," लमदाघरी म्हणाले. "त्यानंतर इथं असतं कोण?"

"मी तेव्हा घरी डाळ निवडत असते," तुरिया म्हणाली. "तुमच्या यंत्राला म्हणावं, शपथ घे."

त्या दिवशी बुशाइब मागे थांबला. सोबतीला म्हातारा पहारेकरी बा लहसेन.

"भूतबित असेल का, बा?"

"रमजानात सैतानांना साखळदंड असतात, पोरा. हे रोजा धरलेल्या माणसाचंच काम."

भिंतीवर १५:४१ झाले. काही घडलं नाही. फक्त रोजनिशीत एक ओळ उमटली, तिच्यापुढे वेळ होती १६:४१.

बा लहसेन वाकला. "रमजानसाठी आपण घड्याळं तासभर मागे घेतली. ह्याला कोणी सांगितलंच नाही वाटतं."

बुशाइबने तास वजा केला. चौदा एक्केचाळीस. तेव्हा तो स्वतः कुठे असतो? तो खुर्चीत बसला, मागे कलला, डोळे मिटले. मासे आलेच.

"राऊटरचा सातवा दिवा गेला," बा लहसेन म्हणाला. "ऊठ बरं." तो उठला. "आला."

खुर्चीचं चाक वायरवर चढत होतं.

सकाळी बुशाइब सगळे तास पेन्सिलीने दुरुस्त करून, झागोराला मनातल्या मनात सलाम करून लमदाघरींच्या खोलीत गेला. "साहेब, तो माणूस..."

"थांब. हा एक नंबर कोण? रोज दोनला बंद, तीनला पाच कमी असताना सुरू?"

"आपला संगणक, सी लमदाघरी. बराच वेळ हात लागला नाही की तो झोपतो. दोन, तीन, चार, पाच, सहाही तसेच. जागा असतो तो सातच."

खिडकीबाहेर एक सीगल तरंगत होता, पंख न हलवता.

"रोज्यात माणूस डोळे मिटून विचार करतो," लमदाघरी सावकाश म्हणाले.

"मीही तेच करत होतो."

"ह्याला एवढं लिहायला कोणी सांगितलं?"

"शोधायचा हुकूम आपलाच."

"मग विसरायलाही मीच सांगतो."

लल्ला तुरियाला कळवण्यात आलं, की दोष समुद्राच्या खाऱ्या हवेचा होता.

"असेल," ती म्हणाली. "ती कलणारी खुर्ची माझ्या खोलीत पाठवा. खारी हवा रोज पावणेतीनला तिच्यातच घोरत असते, मी दारातून बघते ना."

बुशाइबला स्टूल मिळालं. स्टुलावर मासे येत नाहीत.

सात नंबरची वायर खुर्चीखालून नेली होती ती बुशाइबनेच, रमजानच्या आदल्या आठवड्यात, सकाळी दहा वाजता, पूर्ण जागेपणी.