सात लिंका आणि एक कपाट

फेरीबोटीच्या धक्क्यावरील कार्यालयात हवामानाच्या एकूण सात लिंका होत्या आणि त्या ढगोबांच्या ताब्यात होत्या. ढगोबा म्हणजे तिथले कारकून. दर फेरीआधी सातही संकेतस्थळं उघडायची, वारा पाहायचा आणि बोट सोडायची की लाल बावटा लावायचा ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. पंधरा वर्षं ते बिनबोभाट चाललं होतं, त्यामुळे वरिष्ठांच्या नजरेत आलं नव्हतं.

एके सकाळी संगणक बंद पडला. ढगोबांनी खिडकीतून नदीकडे पाहून दोन फेऱ्या सोडल्या. दोन्ही सुखरूप पोचल्या आणि तिथेच घोटाळा झाला.

"हवामान चक्क खिडकीतून पाहिलंत?" साहेब कडाडले. "उद्या खिडकी बंद पडली तर? लिंकांचा बॅकअप कुठाय?"

बॅकअप नव्हता. मग परिपत्रक निघालं. लिंकांची नित्य, नैमित्तिक आणि संकीर्ण अशी वर्गवारी झाली. वारा कायम नसतो, म्हणून वाऱ्याची लिंक नैमित्तिक ठरली. याला तीन बैठका लागल्या. संगणक दगा देतो हे सिद्धच झालं होतं, तेव्हा सगळ्या लिंका कागदावर छापून प्लॅस्टिकमध्ये बंद केल्या. मूळ प्रत आणि बॅकअप एकाच खोलीत ठेवणं नियमाबाहेर, म्हणून संगणकातल्या लिंका पुसल्या. कागदांसाठी पोलादी कपाट आलं. जागा फक्त खिडकीपुढे होती.

तेव्हापासून ढगोबा कागद समोर धरून हातभर लांबीचे पत्ते दोन बोटांनी टंकू लागले. एक अक्षर चुकलं की वाऱ्याऐवजी चपलांचं दुकान उघडायचं.

एका दुपारी भांडारपाल अर्धी रजा टाकून पैलतीरी घरी गेला आणि कपाटाची किल्लीही त्याच्या खिशात पैलतीरी गेली. पाचच्या फेरीला बत्तीस उतारू रांगेत उभे होते. सर्वांत पुढे ढगोबांची बायको. तिला बहिणीकडे जायचं होतं.

बोटीचा चालक धापा टाकत आत आला. "काका, पाणी उसळतंय. बावटा लावा!"

"कोणत्या लिंकवर?"

"लिंक कसली? माझी टोपी उडाली!"

"टोपी कोणत्या वर्गात बसते ते परिपत्रकात नाही रे." असं म्हणताना ढगोबांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी भांडारपालाला फोन लावला. "किल्ली घेऊन ये, ताबडतोब!"

"येतो की," पलीकडून उत्तर आलं. "बोट पाठवा."

कपाटामागे खिडकी खडखडत होती. ढगोबा खुर्चीतून उठले. बाहेर बायको बोटीच्या फळीवर पाय ठेवण्याच्या बेतात असेल, आणि आपण नियम चघळत बसलोय! नोकरी गेली खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी आणि चालकाने कपाट ढकललं. नदी पाहिली मात्र, ढगोबा धावत बाहेर गेले आणि त्यांनी बावटा चढवला. पाऊण तासात वादळाने रिकामी बोट धक्क्याजवळच उलटी केली.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली: लिंकेविना हवामान पाहिल्याबद्दल खुलासा करा, तोवर घरी बसा. सोबत उतारूंची तक्रार जोडली होती. 'आमच्या सर्वांच्या फोनवर स्वच्छ ऊन असताना सदर कारकुनाने मनमानीने बोट अडवली. आम्हांला नाहक भिजत घरी जावे लागले.' खाली बत्तीस सह्या.

पहिली सही बायकोची होती.

"अहो, वाचलंच नाही मी," ती म्हणाली. "सगळे करत होते म्हणून केली. आणि ऊन दाखवत होतं, ते काही खोटं नाही."

ढगोबा खुलासा लिहायला बसले. उरलेल्या एकतीस सह्यांत एक तुमचीही आहे. मान हलवू नका. त्या संध्याकाळी छत्री उलटी झाली, तेव्हाही तुम्ही फोनवरचं ऊनच पुसून पुसून पाहत होतात.